स्वतःच्या प्रतीकावर चित्रमालिका करताय? या चुका टाळा

आजीचा अडकित्ता माझ्या हातात आला तेव्हा माझं कॉलेज संपून चार वर्षं झाली होती आणि स्वतःच्या मनाने सुरू केलेलं एकही काम मी तडीस नेलेलं नव्हतं. कॉलेजात विषय मिळतो, साइझ मिळते, सबमिशनची तारीख मिळते. घरी यातलं काहीच नसतं. तेव्हा ठरवलं की या अडकित्त्यावर बारा चित्रांची मालिका करायची. चार महिन्यांत आठ झाली आणि ती आठही बाद करावी लागली. पुढचं वर्षभर जे काम झालं ते त्या आठ चित्रांतल्या चुका उलगडत झालं.

गेली काही वर्षं उन्हाळ्यात सहा-सात जण माझ्या खोलीवर येतात, ज्याने त्याने आपापला प्रकल्प ठरवायचा आणि पार पाडायचा. त्यांच्या वह्यांत मला माझ्याच जुन्या चुका दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

तयार प्रतीक उचलणं

पहिल्या दिवशी प्रतीकांची यादी मागितली की पिंजरा, फुलपाखरू, तुटका आरसा, मुळं पसरलेलं झाड, अर्धा चेहरा, कमळ ही नावं हमखास येतात. यातलं काहीही वाईट नाही. पण फुलपाखरू म्हटल्यावर तुमच्या आधी हजारांनी काढलेलं फुलपाखरू डोळ्यांसमोर येतं आणि हात तेच गिरवतो. वैयक्तिक प्रतीक शोधायला डोक्यात शिरण्यापेक्षा घरात फिरा. माळा, देव्हाऱ्याखालचा खण, शिवणाचा डबा, वडिलांच्या स्कूटरची डिकी. वीस वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीसमोर एकच प्रश्न लिहा: ही उद्या हरवली तर घरात कोण अस्वस्थ होईल?

उरलेल्या तीन-चार वस्तूंना दुसरी कसोटी लावा. त्या वस्तूबद्दल फक्त तुम्हीच लिहू शकाल अशी दहा वाक्यं लिहा. शोभेची नकोत, माहितीची हवीत. माझ्या वहीत होतं: मिटताना करंगळी मधे आली तर चिमटा बसतो. दांडे पितळेचे, पातं लोखंडाचं, म्हणून दोन्हींचा वास वेगळा. दोन्ही दांडे जोडणाऱ्या खिळीपाशी चुन्याचा पांढरा थर आहे, तो कुणी काढत नाही. रोठा सुपारी फोडताना आवाज दोनदा येतो. आजोबा गेल्यावर आजीने सुपारी सोडली, पण अडकित्ता चंचीतून, म्हणजे पान-सुपारीच्या पिशवीतून, काढला नाही. हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं होतं. दहा वाक्यं झाली नाहीत तर वस्तू वाईट ठरत नाही, तुमची तिच्याशी अजून ओळख झालेली नाही एवढंच.

इथे चित्रकार सय्यद हैदर रझांची आठवण काढायला हवी. मध्य प्रदेशातल्या जंगलाकडच्या शाळेत या मुलाचं लक्ष लागत नसे, तेव्हा शिक्षकांनी एक ठिपका काढून दिला आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे नागपूर झालं, मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय झालं, १९५० साली ते फ्रान्सला गेले आणि तिथे कितीतरी वर्षं निसर्गचित्रं करत राहिले. बिंदू त्यांच्या चित्रांचं केंद्र झाला तो १९८०च्या सुमारास. मधे एवढा काळ गेला. शिवाय शाळेतली ती गोष्ट ठाऊक नसलेला माणूसही त्या काळ्या वर्तुळापुढे थबकतो. खासगी आठवण तुम्हाला कामाला लावते, पण बघणाऱ्याला धरून ठेवायचं काम रंगाला आणि आकारालाच करावं लागतं. ‘गोष्ट सांगितली की कळेल’ असं वाटायला लागलं तर चित्र अजून झालेलं नाही.

अर्थ आधी, चित्र नंतर

माझी आठ चित्रं इथे गेली. पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं: अडकित्ता म्हणजे घरातल्या बायकांची घुसमट. मग काय, दोन दांड्यांच्या मधे बाई, पात्याखाली बाई, सुपारीच्या जागी चेहरा. प्रत्येक चित्र पहिल्या पानावरच्या त्या वाक्याचं भाषांतर होतं. बघणाऱ्याला दोन सेकंदांत कळायचं आणि तिसऱ्या सेकंदाला तो पुढच्या चित्राकडे जायचा. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य आजीच्या बाबतीत खोटं होतं. तिच्या हातातला अडकित्ता तिला दाबत नव्हता. दुपारी ओटीवर बसून सुपारी कातरणं हा तिचा दिवसातला एकमेव निवांत वेळ होता. मी तिच्या वस्तूवर माझं मत चिकटवलं होतं.

शिल्पकार लुईस बुर्ज्वाचा कोळी बघा. तिची आई जुन्या विणीव पडद्यांची दुरुस्ती करायची. त्या सहनशील, हुशार, सतत विणणाऱ्या आईसाठी बुर्ज्वाने कोळी निवडला. १९४७ मध्ये तो तिच्या रेखाटनात होता, नव्वदच्या दशकात मोठा होऊन परतला आणि १९९९ मध्ये ‘मामाँ’ या शिल्पात नऊ मीटरांहून उंच झाला. त्याच्या पायांखाली उभं राहिलं तर सुरक्षित वाटावं की पळून जावं, हे ठरवता येत नाही. पोटाखाली अंडी आहेत, पाय सुईसारखे टोकदार आहेत. ‘कोळी म्हणजे प्रेमळ आई’ एवढंच तिने ठरवलं असतं तर हा कोळी गोड झाला असता.

उपाय साधा आहे. अर्थ लिहायचा मोह झाला की क्रियापदं लिहा. वस्तू काय करते आणि तिच्याबाबत काय केलं जातं? अडकित्त्याची माझी यादी अशी झाली: पकडतो, दाबतो, फोडतो, मिटतो, अडतो, गंजतो, वाट बघतो, कमरेला टोचतो, हातोहात जातो. एकेका क्रियापदावर पाच-पाच झटपट रेखाटनं केली. ‘अडतो’ काढताना पहिल्यांदा माझं लक्ष खिळीकडे गेलं. सगळा अडकित्ता त्या एवढ्याशा खिळीवर उभा आहे. ती सैल झाली की पातं सुपारीवर बसत नाही, घट्ट झाली की अडकित्ता उघडत नाही. पुढची सगळी मालिका खिळीची झाली. हे मला पहिल्या पानावर सुचणं शक्यच नव्हतं.

फोटोवरून काम आणि वस्तुचित्राची सवय

वस्तू हाताशी असताना लोक मोबाइलवर फोटो काढतात आणि फोटोवरून चित्र काढतात. फोटोत वजन नसतं, पाठ नसते, आतली बाजू नसते, आणि लेन्सने जवळचा भाग फुगवलेला असतो. पहिले तीन आठवडे फोटो बंद ठेवा. वस्तू कागदावर ठेवून कडेने गिरवा, म्हणजे खरं माप हातात येतं. कागद वर धरून पेन्सिलीने घासा. डोळे मिटून बोटांनी चाचपून काढा. फक्त भोवतालची मोकळी जागा काढा. आठवणीने काढा, मग वस्तू समोर ठेवून काय चुकलं ते बघा. आठवणीत जे मोठं झालं असेल तेच बहुधा तुमच्या कामाचं असतं. आठवणीने काढलेल्या माझ्या अडकित्त्यात दांडे दुप्पट लांब निघाले, कारण मी पाहिला तेव्हा माझा हात पाच वर्षांच्या मुलीचा होता.

दुसरी गोष्ट महाराष्ट्रात शिकलेल्यांना नेमकी लागू आहे. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या तयारीत वस्तुचित्राचं वळण हाताला पक्कं बसतं: वस्तू कागदाच्या मधोमध, खाली कापडाच्या घड्या, डावीकडून प्रकाश, उजवीकडे सावली. परीक्षेसाठी ते उत्तम. प्रतीकासाठी मात्र ते घातक, कारण वस्तू नमुना म्हणून मांडली जाते, काचेच्या कपाटातल्यासारखी.

चित्रकार प्रभाकर बरवे यांची चित्रं यासाठी पुन्हा पुन्हा बघावीत. नागावचा हा माणूस जे.जे.त शिकला आणि विणकर सेवा केंद्राच्या नोकरीत काही वर्षं बनारसला राहिला. पान, शिंपला, घड्याळ, फळ अशा रोजच्या वस्तू त्यांच्या चित्रांत आहेत, पण त्या कुठल्याही टेबलावर ठेवलेल्या नाहीत. मोकळ्या जागेत त्या तरंगतात, त्यांची मापं एकमेकींशी जुळत नाहीत, सावली वेगळ्याच वस्तूची वाटावी अशी पडते. एनॅमल रंगाची सपाट, थंड पृष्ठं आहेत आणि त्या रिकाम्या जागेला वस्तूइतकंच वजन आहे. ते वर्षानुवर्षं डायरीत रेखाटत आणि लिहीत राहिले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. ज्यांना ते बघायला मिळालं त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

तेव्हा वस्तू मधोमध आली की कागद कापा. वस्तू कोपऱ्यात सरकवा, निम्मी बाहेर जाऊ द्या, इतकी मोठी करा की ओळखू येणार नाही.

‘बघू, सुचेल तसं’

स्वतःच ठरवलेल्या प्रकल्पाला आराखडा लागतो, कॉलेजच्या कामापेक्षा जास्त लागतो, कारण इथे विचारणारं कुणी नसतं. आराखडा म्हणजे विषयाची टिपणी, असा गैरसमज असतो. तीन पानं स्त्रीजीवन, काळ, स्मृती यांवर लिहिलेली असतात आणि कागद किती आणायचे हे कुठेच नसतं. माझ्या मते आराखड्यात अर्थाचं एकही वाक्य नसावं. आकडे असावेत.

नोकरी सांभाळून आठवड्याला आठ तास मिळतात असं धरा. बारा आठवड्यांचे शहाण्णव तास होतात. त्यातले पंधरा टक्के आजारपण, लग्नं, पाहुणे यांत जातात, ते आधीच वजा करा. उरले साधारण ऐंशी. पहिले तीन आठवडे फक्त रेखाटन, पन्नास तरी, न्यूजप्रिंटवर, जपून ठेवायचा विचार न करता. पुढचे तीन आठवडे माध्यमाच्या चाचण्या, सगळ्या लहान, क्वार्टर इम्पीरियल म्हणजे ११ बाय १५ इंचांपेक्षा मोठं काही नाही. मग एक आठवडा काहीही न करता सगळं भिंतीवर लावून बघायचं. हा आठवडा लोक गाळतात, आणि पुढे तीच चूक सर्वांत महागात पडते. त्यानंतर चार आठवडे अखेरची कामं आणि शेवटचा आठवडा माउंट, चौकट, मांडणी.

संख्येबरोबर बंधनंही लिहा. एकच साइझ. दोन रंग आणि कागदाचा पांढरा. एकच तंत्र. कमी पर्यायांत हात धीट होतो. झरिना हाश्मींचं उदाहरण माझ्या भिंतीवर लिहिलेलं आहे. अलिगढमध्ये जन्मलेली, आयुष्यभर देशोदेशी राहिलेली ही कलावती ‘घर’ या एकाच गोष्टीभोवती काम करत राहिली. १९९९च्या तिच्या ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ या संचात छत्तीस काष्ठठसे आहेत, प्रत्येकात एक उर्दू शब्द आणि त्याच्यासोबत अगदी थोड्या रेषांचा आकार. उंबरठा, दार, भिंत, असे शब्द. सगळे एका मापाचे, काळ्या शाईतले. घरासारखा अवाढव्य विषय तिने शब्दाशब्दाने लहान करून घेतला. तुमचं प्रतीक हाताळता येत नसेल, सगळं एकाच चित्रात सांगायचा ताण येत असेल, तर आधी शब्दांची यादी करा आणि एका चित्रात एकच शब्द घ्या.

साहित्याच्या अडचणी, थोडक्यात

पातळ कार्ट्रिज कागदावर पाण्याचे रंग लावले की कागद फुगतो. एक तर जाड कागद घ्या, नाहीतर कागद ओला करून गमटेपने बोर्डावर चारही बाजूंनी ताणून वाळवा. वाळलेल्या तैलरंगावर ॲक्रिलिक चढवू नका, ते धरत नाही आणि पुढे सुटून येतं. उलट क्रम चालतो. कोळशाची रेखाटनं एकावर एक रचून ठेवलीत तर आठवड्यात सगळी राखाडी होतील, मधे बटर पेपर घाला.

लिनोकटमध्ये, म्हणजे लिनोलियमवर कोरून घेतलेल्या ठशात, डावं-उजवं उलटतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पहिल्या ठशात अक्षरं उलटी येतात. रेखाटन ट्रेसिंगवर घ्या, ट्रेसिंग पालथं करून लिनोवर उतरवा.

खरी वस्तू कॅनव्हासवर चिकटवायचा मोह फार होतो. कॅनव्हास कापड आहे, किलोभराची वस्तू त्याला झोळ पाडते आणि नुसता गोंद ते वजन पेलत नाही. पाठीशी प्लायवुड घ्या, वस्तू तारेने किंवा स्क्रूने बांधा. त्याआधी विचारा, ती चिकटवल्याने चित्राला काही मिळतं आहे, की चित्र काढायचं टळतं आहे?

हळद, कुंकू, कात, चहा यांचे डाग वापरायचे असतील तर चाचणीचा कागद अर्धा झाकून पंधरा दिवस खिडकीत ठेवा. हळद उजेडात उडते, हे प्रदर्शनात लक्षात येण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. लोखंडाच्या वस्तूभोवती व्हिनेगरमध्ये भिजवलेलं सुती कापड गुंडाळून ठेवलं तर गंजाचा सुंदर ठसा मिळतो. पण गंज ते कापड हळूहळू खातो आणि मूळ वस्तूचीही नासाडी होते. आजीच्या अडकित्त्यावर मी हे केलं नाही. जुन्या बाजारातून दुसरा आणला.

सहाव्या आठवड्यातलं प्रतीक बदलणं

हे दरवर्षी होतं. सहाव्या आठवड्यात कुणीतरी येतं आणि सांगतं की सुपाचा कंटाळा आला, आता छत्री घेते. कंटाळा खरा असतो. माहिती संपलेली असते, वस्तूचा ओळखीचा चेहरा काढून झालेला असतो आणि काम आता कुठे सुरू होणार असतं. छत्री घेतली तर सहा आठवड्यांनी छत्रीचाही कंटाळा येईल.

चित्रकार तय्यब मेहतांनी बांधलेला बैल १९५०च्या दशकात चितारला, आणि बैल त्यांच्या चित्रांत पुढे अनेक दशकं राहिला. कधी बांधलेला, कधी कोसळणारा, कधी माणसाच्या देहात मिसळलेला. १९७०च्या आपल्या लघुपटात त्यांनी वांद्र्याचा कत्तलखाना चित्रित केला. बैल तोच, पण मांडणी बदलत गेली. कॅनव्हास तिरपा चिरत जाणारी रेघ आली, रंगाचे सपाट पट्टे आले.

तेव्हा कंटाळ्याच्या आठवड्यात वस्तू बदलू नका, एकच दुसरी गोष्ट बदला. माप बदला: बोटाएवढी वस्तू भिंतीएवढ्या कागदावर घ्या. साधन बदला: ब्रश ठेवून खराटा, कापसाचा बोळा, कार्डाचा तुकडा घ्या. वस्तू पूर्ण काढून टाका आणि तिची फक्त खूण ठेवा. सूप काढणारीला मी एवढंच सुचवलं की सूप काढूच नकोस, त्यातून खाली पडतं ते काढ. तिने काळ्या कागदावर पांढऱ्या ठिपक्यांची सात चित्रं केली. कुठल्याच चित्रात सूप नाही, आणि पाखडण्याचा झोका सगळ्यांत आहे.

खरंच सोडायचं असेल तेव्हा काय? माझी खूण अशी: सलग तीन बैठकांत वस्तूबद्दल एकही नवा प्रश्न पडला नाही आणि ती नजरेआड केल्यावर तिची आठवणही आली नाही, तर सोडा. थकवा म्हणून नको.

जे आपलं नाही ते ‘वैयक्तिक’ म्हणून वापरणं

यावर मला थोडं ठामपणे बोलायचं आहे. वारली चित्रांतल्या त्रिकोणी आकृत्या, तारपा नाच, लग्नाचा चौक हे सगळं शहरी घरांच्या भिंतींवर इतकं पसरलं आहे की ते कुणाचंही वाटतं. तो चौक लग्नाच्या वेळी सवाशिणी काढतात आणि त्यात पालघाट देवी असते. त्या समाजाच्या विधीचा तो भाग आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, ती त्यांच्या आतून आलेली गोष्ट होती. आपण पुण्या-मुंबईच्या सोसायटीत बसून तोच चौक ‘माझं प्रतीक’ म्हणून घ्यावा, हे मला पटत नाही. तुमचं त्या जागेशी खरं नातं असेल, तिथे राहिला असाल, शिकला असाल, तर ते नातंच चित्राचा विषय करा आणि कुणाकडून शिकलात ते मोकळेपणी सांगा.

घरातल्यांच्या बाबतीतही हेच. आईचं मंगळसूत्र, भावाची शाळेची वही, काकूंची पत्रं घेताना त्यांना विचारा. नाही म्हणाले तर नाही. एक मुलगी वडिलांच्या औषधांच्या रिकाम्या पाकिटांवर काम करत होती, वडिलांना ते आवडलं नाही. तिने पाकिटं परत दिली आणि त्यांच्या खळग्यांचे आकार आठवणीने काढले. ते काम जास्त चांगलं झालं, पण झालं नसतं तरी पाकिटं परत द्यायलाच हवी होती.

टिपणी आणि भिंत

कामासोबतची टिपणी सगळ्यात शेवटी लिहा, दीडशे शब्दांच्या आत. ‘अस्तित्वाचं द्वंद्व’, ‘स्मृतींचा पट’ असले शब्द आले की खोडा आणि त्या जागी वस्तूचं नाव, साहित्य, काय केलं ते लिहा. लिहून झाल्यावर चित्रकलेशी संबंध नसलेल्या एखाद्या शेजाऱ्याला वाचून दाखवा.

भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा, सगळ्यांचा एकाच रेषेत. बारा झाली असतील तर सात लावा. कुठली पाच काढायची हे कळत नसेल, तर ज्यांच्यासमोर उभं राहून तुम्ही सर्वांत जास्त बोलता ती काढा.

आणि खरी वस्तू चित्रांशेजारी मांडू नका. मी मांडली होती, काचेखाली, वर दिवा सोडून. पहिल्या दिवशी सगळे त्या अडकित्त्याभोवती जमले, त्याचे फोटो काढले, आपापल्या आज्यांच्या गोष्टी सांगितल्या आणि चित्रांवरून नजर फिरवून निघून गेले. संध्याकाळी मी तो पर्समध्ये टाकला आणि काचेची पेटी आत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी एक वयस्कर बाई खिळीच्या चित्रासमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, ‘‘ही सैल आहे की घट्ट?’’